हलका मफिन : एक सोडवलेलं उदाहरण

थंडीच्या दिवसांत होस्टेलवर सकाळचा नाश्ता हा विषय सिलॅबसमध्ये नसतो, पण त्यात केटी लागणारे सर्वांत जास्त! पांघरूण सुटत नाही, मेसची वेळ टळते आणि आठच्या लेक्चरला धावताना हातात येतो तो गेटसमोरच्या टपरीवरचा क्रीमरोल किंवा प्लास्टिकच्या कागदातला कप केक. खाल्ला की दहा मिनिटं स्वर्ग, आणि साडेदहाला पुन्हा पोटात कावळे. हाच कप केक आपण घरी किंवा मेसच्या स्वयंपाकघरात केला, त्यातलं तेल-साखर कमी केली आणि तरीही तो चवीला केकच राहिला तर? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र केमिस्ट्री, हीट ट्रान्सफर आणि थोडं अकाउंट्स, अशा तिन्ही पेपरांत विखुरलेलं आहे. या लेखात ते एका जागी आणायचा प्रयत्न करते.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. मराठीत 'हलका' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी म्हणत असतो. वजनाला हलका, म्हणजे फुललेला, जाळीदार. पचायला हलका. आणि हिशेबाला हलका, म्हणजे कमी कॅलरीचा. बेकरीतला जाळीदार कप केक पहिल्या अर्थाने हलका असतो, तिसऱ्या अर्थाने अजिबात नसतो. हवेला कॅलरी नसते हे खरं, पण त्या हवेभोवतीची भिंत तेलाची आणि साखरेची असते. आपल्याला पहिला आणि तिसरा, दोन्ही अर्थ साधायचे आहेत. गंमत म्हणजे हे दोघे एकमेकांचे पाय ओढतात. तेल-साखर काढली की मफिन बसतो. म्हणूनच हे 'डिझाइन प्रॉब्लेम' आहे, नुसती पाककृती नाही.

मफिन आला कुठून?

इंग्लंडमधला मफिन म्हणजे यीस्ट घालून तव्यावर भाजलेला चपटा पाव. आपण ज्याला मफिन म्हणतो तो कपातला, डोक्यावर घुमट असलेला प्रकार अमेरिकेचा. यीस्ट फुगायची वाट न पाहता पटकन होणारा. तो शक्य झाला बेकिंग पावडर आणि सोड्यामुळे. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाची सुरुवातच घरातल्या एका माणसाच्या पथ्यापासून झालेली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अमेरिकेत मफिन हा ऋतूचा पदार्थ आहे. शरद सुरू झाला की सफरचंद आणि भोपळा यांचे मफिन. न्यू यॉर्क राज्याने तर १९८७ साली सफरचंदाच्या मफिनला अधिकृत 'राज्य मफिन' करून टाकलं. पण तिथेही तो हळूहळू फुगत गेला, आणि इथे बेकिंग पावडरचा दोष नाही. लिसा यंग आणि मॅरियन नेसल या दोघींनी २००२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये बाजारातल्या पदार्थांच्या आकाराचा अभ्यास छापला. त्यात बाजारचा मफिन सरकारी प्रमाण आकारापेक्षा ३३३ टक्क्यांनी मोठा निघाला, म्हणजे चौपटीहून जास्त! लोक म्हणत राहिले 'एकच खाल्ला', आणि एकाचे चार कधी झाले ते कळलंच नाही.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं कौतुक आपल्याला कशाला? तर लाल भोपळा, गूळ आणि कणीक ही त्रयी आपल्याला नवीन नाही. त्याचे आपण घारगे करतो! फरक एवढाच की घारगे तळतात. आणि कोकणातल्या आज्या काकडी, रवा आणि गूळ यांचं धोंडस करायच्या. खाली चूल, झाकणावर निखारे, मध्ये पातेलं. म्हणजे वरून आणि खालून उष्णता देणारा ओव्हन आपल्याकडे वीज येण्याच्या आधीपासून होता. काकडी असो वा भोपळा, फळभाजीतलं पाणी पिठात अडकवून पदार्थ मऊ ठेवायचा, ही युक्ती मुळात आपल्या घरातलीच आहे.

दिलेली माहिती

मेकॅनिकलवाल्यांनी फ्युएल्सच्या प्रॅक्टिकलला बॉम्ब कॅलरीमीटर पाहिला असेल. इंधन जाळायचं आणि पाण्याचं तापमान किती वाढलं ते मोजायचं. अन्नाची कॅलरीही मुळात याच पद्धतीने मोजली गेली. आपण बोलताना 'कॅलरी' म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. लक्षात ठेवायचे आकडे तीनच : एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिन ४ कॅलरी, एक ग्रॅम तेल-तूप ९ कॅलरी. पाणी शून्य.

आता बेकरी पद्धतीच्या १२ मफिनचा ढोबळ हिशेब मांडू.

मैदा २५० ग्रॅम : ८७५
साखर २०० ग्रॅम : ८००
तेल १२० ग्रॅम : १०८०
अंडी २ : १४०
दूध २०० मिली : १३०
एकूण : ३०२५, म्हणजे एका मफिनला सुमारे २५२ कॅलरी.

हा तक्ता जरा निरखून पाहा. आपण सगळे मैद्याला शिव्या देतो, पण तेल आणि साखर मिळून १८८० कॅलरी, म्हणजे एकूण हिशेबाच्या ६२ टक्के! मैद्याऐवजी कणीक घेतली तर कॅलरीत नावापुरताच फरक पडतो, कारण दोन्ही गव्हाचंच पीठ. कणकेत कोंडा असतो, तंतू असतात, पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं. तो फायदा खरा आहे, पण तो वेगळ्या खात्यातला. 'होल व्हीट' असं लिहिलेलं पाकीट म्हणजे कमी कॅलरीचं पाकीट, हा समज इथेच सोडून द्यायचा.

कोण काय काम करतं?

एखादा खांब काढण्याआधी त्यावर भार किती आहे ते सिव्हिलवाले बघतात. तसंच इथे करायचं. प्रत्येक जिन्नस मफिनमध्ये काहीतरी काम करत असतो. तो काढला तर ते काम दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यायला लागतं.

तेलाचं काम : गव्हाच्या पिठात पाणी घालून ढवळलं की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनची जाळी होते. पोळीला ही जाळी हवीच असते, मफिनला नको. तेल पिठाच्या कणांवर पातळ थर चढवतं आणि जाळी लांब होऊ देत नाही. म्हणून मफिन तोंडात विरघळतो. शिवाय तेल थंडीतही पातळ राहतं. लोणी किंवा डालडा घातलेला केक डिसेंबरच्या सकाळी दगड लागतो, तेलाचा लागत नाही. थंडीच्या नाश्त्याला हा मुद्दा महत्त्वाचा.

साखरेचं काम : गोडवा हे फक्त दिसणारं काम. न दिसणारी तीन. एक, ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मफिन दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. दोन, साखर असली की पिठातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं जरा जास्त तापमानाला घट्ट होतात, म्हणजे बुडबुड्यांना फुगायला जास्त वेळ मिळतो. तीन, वरचा खरपूस रंग. या रंगात मोठा वाटा मेलार्ड अभिक्रियेचा. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि काही विशिष्ट शर्करा तापवल्यावर मिळून तपकिरी रंग आणि भाजका वास देतात. दुधा-दह्यातली लॅक्टोज ही त्यातलीच एक शर्करा. दह्याचे मफिन कमी साखरेतही रंग धरतात ते यामुळे.

सोडा आणि बेकिंग पावडरचं काम : वायू तयार करणं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काही भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दही असेल तर सोडा हवा, नसेल तर नको. आंबटपणा पुरला नाही तर उरलेला सोडा ओव्हनच्या उष्णतेने फुटून सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मागे ठेवतो आणि मफिनला साबणाची चव येते! बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही आधीच एकत्र असतात, म्हणून तिला दह्याची गरज पडत नाही.

अंड्याचं काम : सांगाडा. उष्णतेने प्रथिनं गोठतात आणि फुगलेला आकार तसाच राहतो.

चार बॅचेस

मेसच्या मावशींनी रविवारी दुपारी ओटा आणि ओटीजी वापरायची परवानगी दिली, तेव्हा मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून सहा-सहा मफिनच्या चार बॅचेस केल्या. खाणारे तयारच होते, पण प्रत्येकाने एका शब्दात मत द्यायचं ही अट घातली.

पहिल्या बॅचमध्ये तेल पूर्ण काढून टाकलं. एकमुखी मत : 'रबर'. सुरीने उभा कापला तर आत खालून वर गेलेले लांब बोगदे. तेल नाही, म्हणून जाळी बेलगाम वाढलेली आणि वायू भेगेतून वर निसटलेला.

दुसऱ्या बॅचमध्ये तेल एक तृतीयांश ठेवलं, बाकी काही भर घातली नाही. गरम असताना बरा. सोमवारी सकाळी भुगा.

तिसऱ्या बॅचमध्ये तेल तेवढंच, पण दूध काढून दही आणि वाफवून कुस्करलेला लाल भोपळा घातला, साखर निम्मी केली. हा जमला. सोमवारीही मऊ. भोपळ्याचा बहुतांश भाग पाणीच, पण ते पाणी त्याच्या तंतूंनी आणि पेक्टिनने धरून ठेवलेलं असतं, पटकन उडून जात नाही. शिवाय हे तंतू पिठाच्या जाळीच्या मध्ये येतात. म्हणजे तेलाची आणि साखरेची अर्धी-अर्धी ड्युटी भोपळ्याने उचलली.

चौथ्या बॅचमध्ये साखर चतुर्थांशावर आणली. मत : 'गोड ढोकळा'. रंग फिका, पोत पावासारखा. खाण्याजोगा होता, पण त्याला मफिन म्हणणं म्हणजे ग्रेस मार्क देऊन पास करणं.

निष्कर्ष : शून्यावर आणू नका. तेल एक तृतीयांश आणि साखर निम्मी, इथे गाडी थांबवा.

कृती

१२ लहान मफिनसाठी : कणीक १५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम (साधारण तीन टेबलस्पून), अंडी २, गोडसर ताजं दही १५० ग्रॅम, लाल भोपळ्याचा लगदा १५० ग्रॅम, लागलं तर दूध ५० मिली. बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून, वेलची-जायफळ किंवा दालचिनीची पूड.

१. भोपळ्याच्या फोडी थोड्या पाण्यावर वाफवा, पाणी निथळा, गार करून कुस्करा. पाणी निथळलं नाही तर पुढचं सगळं प्रमाण बिघडतं.

२. ओव्हन १९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेला मफिन घट्ट व्हायच्या आतच सगळा वायू घालवून बसतो.

३. कणीक, मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाला दोनदा चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा फेकू नका, परत मिसळा.

४. दुसऱ्या भांड्यात अंडी, साखर, तेल, दही आणि लगदा चांगला फेटा. इथे कितीही फेटा, पीठ नाही तोवर चिंता नाही.

५. आता ओल्यात कोरडं घाला आणि मोठ्या डावाने अलगद दहा-पंधरा वेळा खालीवर करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, भाजताना जातात. इथे भज्यांच्या पिठासारखं घोटणाऱ्याला रबर मिळतो. कणकेचा कोंडा पाणी पितो, म्हणून मिश्रण घट्ट वाटलं तरच दूध घाला. डावातून जाडसर धबाधबा पडेल इतपत सैल हवं.

६. तेलाचा हात लावलेल्या साच्यांत किंवा कागदी कपांत पाऊण भरा. लगेच ओव्हनमध्ये. दह्याला सोडा भेटलेला आहे, तो तुमची वाट पाहत नाही.

७. १८ ते २० मिनिटांनी मध्ये टूथपिक खुपसून बघा. कोरडी निघाली की झालं. पाच मिनिटांनी साच्यातून काढा, नाहीतर वाफ साच्यात अडकून बूड ओलं होतं.

अंडी नको असतील तर दोन टेबलस्पून जवसाची पूड सहा टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत झाली की अंड्यांच्या जागी तीच वापरा. सांगाडा जरा कच्चा राहतो, म्हणून साचे लहानच घ्या.

साचे लहान घेण्यामागे आणखी एक गणित आहे. उष्णता वाहून मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, वेळ सुमारे चौपट. कमी तेलाचा मोठा मफिन मध्ये शिजेपर्यंत बाहेरून वाळून जातो. लहान मफिन आतून शिजतो आणि बाहेरून मऊ राहतो. आणि हिशेबही ताब्यात राहतो, हे वेगळंच.

ओव्हन नसेल तर

ओटीजी साधारण १५०० वॅटचा. २३० व्होल्टला भागा : साडेसहा अँपियर. होस्टेलच्या खोलीतला साधा प्लग सहा अँपियरचा. उरलेलं उत्तर इलेक्ट्रिकलवाल्यांनी आणि रेक्टरांनी मिळून द्यावं! थोडक्यात, हा प्रयोग खोलीत करायचा नाही. मेसमध्ये परवानगीने करा किंवा सुट्टीत घरी करा. स्टाफ क्वार्टर्समधल्या मंडळींना ही अडचण नाही.

गॅसवर करायचं असेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, तळाला मिठाचा बोटभर थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापू द्या. मग स्टीलच्या वाट्यांत मिश्रण पाऊण भरून आत ठेवा. पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. मीठ उष्णता साठवतं आणि सगळीकडे सारखी पोचवतं. वरून मात्र रंग येत नाही, कारण वरून उष्णता पुरेशी मिळत नाही. धोंडसाच्या झाकणावर निखारे का ठेवायचे, ते आता कळलं असेल. कुकर वापरू नका. रिकामा, कोरडा कुकर तापवणं त्याला मानवत नाही, आणि शिट्टी-रिंग काढायची विसरली तर वेगळंच प्रॅक्टिकल होतं.

पडताळा

नव्या मफिनचा हिशेब : पीठ ८६०, साखर ४००, तेल ३६०, अंडी १४०, दही ९०, भोपळा ४०, दूध ३०. एकूण १९२०. एका मफिनला १६० कॅलरी. वजन जवळपास तेवढंच, पण कॅलरी २५२ वरून १६०. फरक ९२ कॅलरींचा, म्हणजे ३६ टक्क्यांहून थोडा जास्त.

९२ कॅलरी म्हणजे किती? ३८५ किलोज्यूल. माणसाचं शरीर चढण चढताना साधारण चतुर्थांश ऊर्जा प्रत्यक्ष कामात आणतं, म्हणजे ९६ किलोज्यूल. ६० किलोच्या विद्यार्थ्याने ९ मीटर, म्हणजे होस्टेलचा तिसरा मजला, चढला की ५.३ किलोज्यूल काम होतं. भागाकार करा : सुमारे १८. एका मफिनमधली तेवढी तेल-साखर वाचवणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावर अठरा वेळा चढणं वाचवणं. पाण्याच्या बाटलीसाठी एकदा खाली जायला रूममेटला तयार करणं किती कठीण असतं, ते आपण जाणतोच.

आता सावधानतेच्या गोष्टी

हे सगळं गणित मी मांडायला बसले त्याचं कारण नाश्ता नव्हतं. माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. चहाबरोबर बेकरीचा केक ही त्यांची एकमेव चैन, ती बंद झाली. मग घरात 'गुळाचे' आणि 'मल्टिग्रेन' असं लिहिलेले केक यायला लागले. 'गुळाचा आहे, चालतो' असं म्हणून ते एकाऐवजी दोन खायचे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आकडे समोर ठेवावेत, म्हणून वही घेतली. त्यातून निघालेले मुद्दे सगळ्यांच्याच कामाचे आहेत.

पहिला मुद्दा : गूळ म्हणजे कमी कॅलरी नव्हे. १०० ग्रॅम गुळाच्या ३८० च्या आसपास, साखरेच्या ४०० च्या आसपास. गुळात थोडी खनिजं असतात, चव खमंग असते, आणि त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्यामुळे मफिनला रंगही लवकर चढतो. चवीसाठी जरूर घाला. पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो साखरेचा सख्खा भाऊच.

दुसरा मुद्दा : कमी कॅलरी म्हणजे कमी पिष्ट नव्हे. आपल्या जुन्या मफिनमध्ये सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदकं होती, नव्यात २५. कॅलरी एक तृतीयांशाहून जास्त उतरल्या, कर्बोदकं फक्त चतुर्थांश. कारण पीठ तेवढंच आहे. मधुमेह असलेल्या माणसासाठी महत्त्वाचा आकडा हा दुसरा. तेव्हा हा मफिन त्यांच्यासाठी 'मुक्त प्रवेश' नाही. किती आणि कशाच्या बदल्यात खायचा, ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. बाबांच्या डॉक्टरांनी एक मफिन, तोही पोळीच्या बदल्यात, असं सांगितलं. बाबांनी ते मान्य केलं ते माझ्या पाककलेमुळे नाही, ३३ आणि २५ हे आकडे शेजारी-शेजारी पाहिल्यामुळे. आयुष्यभर तलाठी कार्यालयात सातबारे पाहिलेला माणूस, त्यांना कागदावरचं पटतं.

तिसरा मुद्दा : कृत्रिम गोडी. साखर पूर्ण काढून गोळ्या-पावडरी घालाव्यात असं अनेकांना वाटतं. पण वर पाहिलंच आहे, साखर फक्त गोडवा देत नाही. चिमूटभर सुक्रालोज २०० ग्रॅम साखरेइतकी गोडी देईल, पण तिची जागा भरणार नाही, पाणी धरणार नाही, रंग देणार नाही. अ‍ॅस्पार्टेम तर ओव्हनच्या उष्णतेत टिकतच नाही. आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडी आणणाऱ्या पदार्थांवर विसंबू नये, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली आहे. त्यापेक्षा वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ बरं. त्यांच्या वासाने-चवीने कमी साखरही जास्त गोड भासते. आपल्या श्रीखंडात जायफळ का असतं? उगाच नाही.

चौथा मुद्दा : शब्दांची चलाखी. 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय खाद्य मानकांनुसार घन पदार्थाला 'कमी ऊर्जेचा' म्हणायचं तर १०० ग्रॅममागे ४० कॅलरींच्या वर जाता येत नाही. आपल्या हलक्या मफिनच्या मिश्रणातच १०० ग्रॅमला सुमारे २३० भरतात! म्हणजे खऱ्या अर्थाने 'लो कॅलरी मफिन' अशी वस्तू जवळजवळ अशक्यच. आपला मफिन आहे तो 'तुलनेने कमी'. तुलनेचा दावा करायला त्याच मानकांत किमान २५ टक्के फरक लागतो, तो आपण ओलांडला आहे. पाकिटावर 'लाइट' दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा : कशापेक्षा?

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत साधा. २५२ चा एक खाणाऱ्यापेक्षा १६० चे दोन खाणारा माणूस जास्त खातो : ३२०. 'हलका आहे, अजून एक घे' हे वाक्य सगळ्या डिझाइनवर पाणी फिरवतं.

टिकणं आणि पोट भरणं

साखर कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. साखर पाणी बांधून ठेवते म्हणून बुरशीला ते मिळत नाही. आपल्या मफिनमध्ये साखर निम्मी, वर दही आणि भोपळा. थंडीत हवाबंद डब्यात दीड-दोन दिवस, फ्रीजमध्ये चार दिवस. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, झाकणाला धरलेलं पाणी परत मफिनवर पडतं. सकाळी तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं मंद आचेवर गरम केला की ताज्यासारखा लागतो.

आणि एक मफिन म्हणजे पूर्ण नाश्ता नाही. त्यात प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा ग्लासभर दूध घेतलं तर आणखी सहा-एक ग्रॅम मिळतात. मूठभर भाजलेले शेंगदाणेही चालतील. मग साडेदहाचे कावळे बरेचसे शांत बसतात. भोपळ्याला कंटाळलात तर किसलेलं गाजर किंवा पिकलेली केळी घ्या. केळ्याला स्वतःची साखर असते, म्हणून घातलेली साखर आणखी २० ग्रॅमने कमी करा. मैद्याऐवजी ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ घातलं तर तिच्यात ग्लुटेन नसल्याने रबर होण्याची भीती आणखी कमी होते, चवही गावाकडची येते.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला एक वाक्य सतत ऐकवलं जातं : काही फुकट मिळत नाही, एक वाढवलं की दुसरं कमी होतं. मफिनलाही तोच नियम. तेल काढलं तर मऊपणा कुठून आणणार, साखर काढली तर ओलावा कोण धरणार, एवढे दोन प्रश्न विचारून मग हात घाला. जानेवारीत मंडईत लाल भोपळा स्वस्त असतो. एखाद्या रविवारी चार-पाच जणांनी वर्गणी काढा, मावशींना विचारा, आणि मोजून प्रत्येकी एकच खा. दुसरा सोमवारच्या आठच्या लेक्चरसाठी ठेवा. रूममेटपासून लपवून!